रिकामा रकाना

साडेनऊ वाजता लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या वाय-फायच्या सगळ्या कमानी उजळलेल्या होत्या, आणि तरीही घरात इंटरनेट नावाची वस्तू नव्हती.

“सिग्नल तर फुल आहे,” शुद्धिपत्र म्हणाले.

“मग पान का उघडत नाही?” बायकोने विचारलं.

“तेच तर म्हणतोय. सिग्नल फुल आहे.”

बायकोने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि हातातली टिपणं टेबलावर ठेवून दिली.

शुद्धिपत्र हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हतं. ते एका प्रकाशनसंस्थेत बावीस वर्षं मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधायच्या, लाल शाईने खुणवायच्या, आणि एवढं करूनही ज्या सुटतील त्यांची यादी पुस्तकाच्या शेवटी चिकटवायची, हे त्यांचं काम. त्या यादीला शुद्धिपत्र म्हणतात. ऑफिसातल्या कुणीतरी ते नाव त्यांनाच चिकटवलं, ते मेहुणीच्या कानावर गेलं, आणि मेहुणीने ते घरात आणलं. बायको एरवी ‘अहो’ म्हणायची. ती ‘शुद्धिपत्र’ म्हणाली की समजायचं, आता आपली खैर नाही.

माणूस तसा निरुपद्रवी. दोन गोष्टी मात्र त्यांना बघवत नसत. एक चुकलेली वेलांटी आणि दुसरा रिकामा रकाना. फॉर्म कसलाही असो, त्यातली एकही जागा मोकळी राहिली तर त्यांना रात्री झोप लागायची नाही. एकदा दवाखान्याच्या फॉर्मवर ‘गरोदर असल्यास कितवा महिना’ या रकान्यासमोर त्यांनी स्वच्छ अक्षरात ‘नाही’ असं लिहून खाली सही केली होती. हा किस्सा मेहुणी आजही पाहुण्यांना सांगते.

अकरा वाजता बायकोची मौखिक परीक्षा होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतल्या मुंग्या बघत बसायची. वारुळापासून साखरेपर्यंत दोन पूल, एक लांबचा, एक जवळचा. मुंग्या कुठला घेतात, का घेतात, आणि घेतलेली वाट चुकीची निघाली तर काय करतात, या एका प्रश्नामागे तिची नऊ वर्षं गेली होती. दोनशे ऐंशी पानांचा प्रबंध झाला, शुद्धिपत्रांनी तो तीनदा तपासला, विद्यापीठाने तो स्वीकारला, आणि आता फक्त पडद्यावरची परीक्षा उरली होती. तीन परीक्षक तीन गावांत बसणार होते. तारीख आधी दोनदा पुढे गेली होती. पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की मोबाईल चालणार नाही, संगणकच हवा. परीक्षार्थी बंद खोलीत एकटा हवा. आणि अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत हजर न झाल्यास पुढची तारीख विद्यापीठाच्या सोयीने कळवण्यात येईल. विद्यापीठाची सोय कशी असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला वेगळं सांगायला नको.

गुन्हेगार कोण, हे शोधायला पोलीस बोलवायची गरज नव्हती. गेल्या रविवारपर्यंत हा लॅपटॉप चारचौघांसारखाच होता, म्हणजे सुरू व्हायला अकरा मिनिटं घ्यायचा आणि ऐन कामात स्वतःच्या मनाने बंद होऊन ‘अपडेट’ व्हायचा. ऑफिसातला अक्षरजुळणीवाला शुद्धिपत्रांना म्हणाला, लिनक्स टाका. फुकट आहे, हलकं आहे, आणि वर मराठीत चालतं. मराठीत! एवढं ऐकल्यावर त्यांना कोण आवरणार? रविवारी दुपारी त्यांनी जुनं सगळं पुसून लिनक्स टाकलं, आणि संध्याकाळपर्यंत पडद्यावरच्या मराठीतल्या एकेचाळीस चुका काढून ती यादी कुठल्याशा स्वयंसेवकाला रवानाही केली.

बायको तेव्हा एवढंच म्हणाली होती, “परीक्षा झाल्यावर टाकलं असतं तर?”

“आणि परीक्षेच्या मधेच अपडेट सुरू झालं असतं तर?” शुद्धिपत्रांनी विचारलं होतं. त्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. आज होतं, पण ती ते बोलून दाखवत नव्हती, आणि शुद्धिपत्रांना त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

काल संध्याकाळपर्यंत तर सगळं सुरळीत होतं. बायकोला टिपणं छापून हवी होती. प्रिंटर जुना, त्याला वाय-फायचा गंध नाही, म्हणून शुद्धिपत्रांनी तो एका निळ्या वायरने लॅपटॉपला जोडला. तेव्हा पडद्यावर एक फॉर्म उघडला. त्यातले बाकीचे रकाने प्रिंटरच्या पुस्तिकेत बघून भरता आले. शेवटच्या ‘प्रवेशद्वार’ या रकान्याबद्दल मात्र पुस्तिकेत चकार शब्द नव्हता. शुद्धिपत्रांनी थोडा विचार केला आणि तिथे प्रिंटरचाच पत्ता पुन्हा लिहून टाकला. प्रिंटरने टिपणं निमूटपणे छापली. त्यानंतर लॅपटॉपवर कुणी इंटरनेट उघडलंच नव्हतं.

“राउटर बंद करून चालू करतो,” शुद्धिपत्र म्हणाले. हा जगातला पहिला उपाय. तो त्यांनी केला, आणि शेजारच्या खोलीतून त्यांच्या आईची आरोळी आली.

“अरे, माझा डाव!”

आई टपाल खात्यातून निवृत्त झाल्या होत्या आणि रोज सकाळी फोनवर एका निवृत्त परिचारिकेशी बुद्धिबळ खेळायच्या. गेली चार वर्षं त्या हरत होत्या. आज पहिल्यांदाच समोरचीचा वजीर कोंडीत सापडला होता, आणि नेमकं नेट गेलं.

“दोन मिनिटं, आई.”

“माझी पाळी होती रे! वेळ संपला की तिला जिंकल्याचं देतात. तुला काय कळणार?”

राउटर परत आला. आईंच्या फोनवर नेट आलं, सोबत हरल्याची बातमीही आली. लॅपटॉपवर कमानी उजळल्या आणि पान उघडलं नाही.

“मोबाईलचं नेट देऊन बघा त्याला,” बायको म्हणाली.

शुद्धिपत्रांनी आपल्या मोबाईलचं हॉटस्पॉट सुरू केलं, लॅपटॉप त्याला जोडला. कमानी पुन्हा उजळल्या, पान पुन्हा उघडलं नाही. तेच पान मोबाईलवर मात्र झटक्यात उघडत होतं. म्हणजे मोबाईल नेट वाटायला तयार, लॅपटॉप घ्यायला तयार, आणि मधल्या मधे ते कोण गिळत होतं ते देवाला ठाऊक.

“म्हणजे लॅपटॉपच बिघडला,” बायको म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की शुद्धिपत्रांनी लगेच लॅपटॉप मिटला.

“छे! थांब. खाली नेऊन बघतो.”

खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. शुद्धिपत्रांनी चार्जर काढला, प्रिंटरची निळी वायर काढली, आणि लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून जिना उतरले. दवाखान्यात सहा माणसं गाल धरून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी एका हाताने कुणाचा तरी जबडा उघडा ठेवून दुसऱ्या हाताने भिंतीवरचा पासवर्ड दाखवला. लॅपटॉप जोडला, आणि पान उघडलं. नुसतं उघडलं नाही, फटकन उघडलं. शुद्धिपत्र दोन-दोन पायऱ्या चढत वर आले.

“खाली चालतंय! चल, खाली बसून देऊन टाक.”

बायकोने जिन्यात उभं राहून कान दिला. खालून दाढ कोरायच्या यंत्राची घरघर आली, पाठोपाठ एका मोठ्या माणसाचं लहान मुलासारखं विव्हळणं आलं.

“बंद खोलीत एकटं,” ती म्हणाली. “पत्रात लिहिलंय. तिथे मी बोलायला लागले तर परीक्षकांना वाटेल, मी मुंग्यांचे हाल करते.”

शुद्धिपत्र परत आले. लॅपटॉप टेबलावर ठेवला, चार्जर लावला. निळी वायर टेबलाखाली लोंबकळत होती. लोंबकळणारी वस्तूही त्यांना बघवत नसे, म्हणून तीही त्यांनी जागच्या जागी नीट खोचली. मग वाय-फाय जोडलं. कमानी उजळल्या. पान उघडलं नाही.

आता मात्र ते मटकन खाली बसले. घड्याळात दहा वीस झाले होते. खाली चालतं, वर चालत नाही. घरचं नेट फोनवर चालतं, लॅपटॉपवर नाही. लॅपटॉप चांगला, नेट चांगलं, फक्त दोघांचं जमत नाही. असं त्यांनी संसारात पाहिलं होतं, यंत्रात पाहिलं नव्हतं.

“आई, तुझ्या फोनवर जरा बघू,” असं म्हणून त्यांनी आईंचा फोन घेतला आणि लिनक्सवाले जिथे एकमेकांना सल्ले देतात तिथे शिरले. तिथे कुणीतरी लिहिलं होतं, काळी खिडकी उघडा, अमुक दोन शब्द लिहा, जाण्याचे मार्ग दिसतील, त्यातला जादा मार्ग काढून टाका. कसा काढायचा तेही दिलं होतं. शुद्धिपत्रांनी काळी खिडकी उघडली, दोन शब्द लिहिले. चार ओळी आल्या. त्यांतल्या पहिल्या दोन्ही ‘डिफॉल्ट’ या एकाच शब्दाने सुरू होत होत्या.

बावीस वर्षांच्या अनुभवाने त्यांचे डोळे चमकले. एकच शब्द लागोपाठ दोन ओळींच्या सुरुवातीला, ही सरळसरळ द्विरुक्ती. शिवाय डिफॉल्ट म्हणजे कसूर, हे त्यांना पाठ होतं, कारण कायद्याच्या पुस्तकांची मुद्रितं त्यांच्याच हाताखालून गेली होती. एका लॅपटॉपमध्ये दोन कसुरी! द्विरुक्तीचा नियम असा की पहिला शब्द ठेवायचा, दुसरा खोडायचा. त्यांनी दुसरी ओळ खोडली.

पान उघडलं नाही. फक्त आता आधीपेक्षा लवकर उघडलं नाही, एवढाच फरक पडला.

“काय केलंत?” बायकोने विचारलं.

“थोडी सफाई,” शुद्धिपत्र म्हणाले, आणि काळी खिडकी मिटली.

दहा पस्तीस. बायको खुर्चीत बसली. तिने टिपणं उचलली, परत ठेवली, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, “नऊ वर्षं हो. रोज संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर मी त्या पेटीसमोर बसायचे. सगळे म्हणायचे, मुंग्याच बघायच्यात तर स्वयंपाकघरात बघ की. तुम्ही नाही म्हणालात तसं कधी. आणि शेवटी...” तिने वाक्य पुरं केलं नाही. एरवी अर्धवट वाक्य ऐकून शुद्धिपत्र अस्वस्थ झाले असते. आज ते पुरं झालं नाही म्हणून त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर घड्याळसुद्धा दिसेना.

“तिला फोन लावा,” आई दारातून म्हणाल्या.

ती म्हणजे मेहुणी. मेहुणी दुसऱ्या गावात एका मोठ्या कंपनीचं नेटवर्क सांभाळायची. तिला विचारावं हे तिघांनाही साडेनऊलाच सुचलं होतं. पण शुद्धिपत्रांनी तिलाच रविवारी फोन करून “तुमच्या क्षेत्रातले लोक मराठी फार अशुद्ध लिहितात हो,” असं ऐकवलं होतं आणि एकेचाळीस चुका वाचून दाखवल्या होत्या. आता तिच्यापुढे कुठल्या तोंडाने जायचं? गेले. अडला हरी म्हणतात तो असा. त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

“बोला, शुद्धिपत्र भावजी! बेचाळिसावी सापडली का?”

“अगं, ताईची परीक्षा आहे अकराला आणि नेट चालत नाहीये. सिग्नल फुल आहे, खाली दवाखान्यात चालतं, घरात चालत नाही.”

पलीकडचं हसू एकदम बंद झालं. “पंचवीस मिनिटं राहिलीत आणि आत्ता सांगताय? काळी खिडकी उघडा. लिहा, आयपी, स्पेस, रूट.”

“स्पेस केवढी?”

“केवढी म्हणजे?”

“पूर्ण सोडू की बारीक?”

“भावजी, ताई कुठे आहे?”

“शेजारीच बसलीय.”

“तिच्या हातात काही जड नाही ना? बरं, स्पेस कशीही द्या. डिफॉल्टने सुरू होणाऱ्या किती ओळी दिसतायत?”

“एक.”

“एकच? तुम्ही सांगताय त्यावरून दोन असायला हव्यात.”

शुद्धिपत्र घुटमळले. बायको आणि आई दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. “होत्या दोन. एक मी काढली.”

“का?”

“द्विरुक्ती होती.”

पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज इतका स्पष्ट आला की आईंनी दचकून फोनकडे पाहिलं.

“कुठली काढलीत?”

“नियमाने दुसरी. तिच्या शेवटी सहाशे होतं. पहिलीच्या शेवटी शंभर आहे.”

“वा! म्हणजे धड होती तीच काढलीत. नीट ऐका. लॅपटॉपला घराबाहेर पडायला दोन वाटा होत्या. प्रत्येक वाटेला एक आकडा असतो, त्याला मेट्रिक म्हणतात. ज्याचं मेट्रिक कमी, त्याचा नंबर पहिला. वाय-फायचं सहाशे, दुसरीचं शंभर. म्हणून तो सगळं त्या शंभरवालीकडे पाठवत होता.”

“म्हणजे मॅट्रिकला सहाशे मिळवणारा मागे आणि शंभरवाला पुढे?” आईंनी विचारलं. “आमच्या खात्यात अगदी हेच चालायचं.”

“तसंच समजा, मावशी. आता ही शंभरवाली म्हणजे वायरची वाट. भावजी, लॅपटॉपला वायर लावलीय का?”

“नाही.”

“बघून सांगा.”

“अगं, बघायचं काय त्यात? वायरलेस आहे ना आपलं? वायरलेसला वायर कशी असेल? शब्दातच आहे ते. बिनतारी.”

“शब्द राहू द्या हो! लॅपटॉपकडे बघा.”

“चार्जरची वायर आहे. ती असणारच.”

“आणखी?”

“आणखी काही नाही. एक प्रिंटरची आहे. पण ती प्रिंटरची आहे.”

मेहुणी काही बोलायच्या आत बायको खुर्चीतून उठली. ती टेबलाच्या मागे वाकली आणि निळ्या वायरवरून बोट फिरवत, लॅपटॉपपासून कोपऱ्यातल्या फडताळावर बसलेल्या प्रिंटरपर्यंत गेली.

“जवळचा पूल,” ती स्वतःशीच म्हणाली. “पलीकडे साखर नाहीच. पण जवळचा म्हणून सगळ्या तिकडेच जातायत.”

“काय म्हणते ती?” मेहुणीने विचारलं.

“मुंग्या,” शुद्धिपत्र म्हणाले.

“बरोबर बोलतेय. भावजी, प्रिंटर जोडताना गेटवेच्या रकान्यात काही लिहिलंत का?”

“गेटवे म्हणजे?”

“तुमच्या मराठीत काय असेल ते. प्रवेशद्वार.”

“तो रकाना रिकामा होता,” शुद्धिपत्र क्षीण आवाजात म्हणाले.

“मग रिकामाच ठेवायचा असतो तो! तुम्ही त्या बिचाऱ्या लॅपटॉपला सांगितलंत की बाहेरच्या जगाचं दार प्रिंटरमध्ये आहे. ताई, उपट ती वायर.”

बायकोने वायर उपटली. काल संध्याकाळपासून लॅपटॉप जगातली प्रत्येक गोष्ट त्या जुन्या प्रिंटरकडे मागत होता, आणि प्रिंटर शाई संपलेल्या माणसासारखा गप्प बसून होता. मेहुणीने वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं. खोडलेली ओळ आपोआप परत आली. पान उघडलं. दहा वाजून चोपन्न मिनिटं झाली होती. आईंनी टाळी वाजवली, शुद्धिपत्रांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बायको म्हणाली, “आता सगळे बाहेर व्हा.”

दार बंद झालं. शुद्धिपत्र दाराला कान लावून उभे राहिले. आई स्टूल घेऊन शेजारी बसल्या.

आतून बायकोचा आवाज येत होता आणि तो थरथरत नव्हता. दोन पूल, वास, वाट, पुन्हा वाट. वीस मिनिटांत तिने आपलं सांगून संपवलं. पहिल्या परीक्षकाने दोन प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. शुद्धिपत्रांना वाटलं, जिंकलो. मग दुसऱ्या परीक्षकाचा जाड आवाज आला.

“पान दोनशे चौदा. तक्ता सात. सोळाव्या दिवशी चारशे बारा मुंग्या परत आल्या. अठराव्या दिवशी तीनशे नव्वद. आणि मधे, सतराव्या दिवशी, शून्य? मुंग्यांनी त्या दिवशी संप केला होता का?”

बाहेर शुद्धिपत्रांनी दाराला लावलेला कान काढून घेतला. त्यांना तो तक्ता आठवला. तिसऱ्या वाचनात त्यात एक रकाना रिकामा दिसला होता. बायकोला विचारू म्हणून त्यांनी तिथे लाल शाईने एक सुबक शून्य काढून ठेवलं. विचारायचं राहिलं. अक्षरजुळणीवाल्याने शून्य जुळवलं.

“काय विचारतोय तो?” आई कुजबुजल्या. त्यांना काही कळलं नव्हतं. “तू असा पांढरा का पडलास?”

आत ती तक्ता शोधत होती. कागद उलटल्याचा आवाज आला.

“सर, ते शून्य माझं नाही,” बायको म्हणाली. “सतराव्या दिवशी मी मुंग्या मोजल्याच नाहीत. माझी आई दवाखान्यात होती. तिचा शेवटचा दिवस होता तो. म्हणून मी तो रकाना रिकामा ठेवला होता. शून्य म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं. रिकामं म्हणजे मी तिथे नव्हते. सरासरी त्या दिवसाशिवायच काढली आहे, तुम्ही ताळा करून बघा.”

शुद्धिपत्रांनी कपाळ दाराला टेकवलं. त्या दिवशी ते तिच्या शेजारीच बसून होते. दवाखान्याचे सगळे फॉर्म त्यांनीच भरले होते. तक्त्यात नुसता सतरा हा आकडा होता, तारीख नव्हती. पण विचारता आलं असतं. दोन खोल्यांच्या घरात बायकोला एक प्रश्न विचारायला कितीसं चालावं लागतं?

“ताळा जमतो,” जाड आवाज जरा वेळाने म्हणाला. आता तो तितका जाड राहिला नव्हता. “पण मग एवढी मोठी चूक, आणि प्रबंधाला साधं शुद्धिपत्र जोडलेलं नाही?”

“जोडलंय ना, सर,” बायको म्हणाली. “लग्नातच जोडून मिळालं. आत्ता दाराबाहेर उभं आहे.”

तेव्हा तिसऱ्या परीक्षक बाई, ज्या आतापर्यंत गप्प होत्या, मोठ्याने हसल्या. “आमच्याकडेही एक आहे,” त्या म्हणाल्या. “आमचं जेवणात मीठ दुरुस्त करतं.”

बारा वाजता बायको बाहेर आली. प्रबंध मान्य झाला होता. अट एकच होती, आठवड्याच्या आत तक्ता सातचं शुद्धिपत्र करून पाठवायचं. शुद्धिपत्र मान खाली घालून बाजूला झाले. बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “चहा टाका. आणि काही सुधारू नका त्यात.”

दुपारी ते शुद्धिपत्र लिहायला बसले. आयुष्यात हजारो लिहिली असतील, पण स्वतःच्या चुकीचं हे पहिलंच. त्यांनी सुबक चौकट आखली. पान दोनशे चौदा, तक्ता सात, दिवस सतरा. ‘अशुद्ध’ या रकान्यात त्यांनी शून्य काढलं. मग ‘शुद्ध’ या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं.

“इथे काय लिहू?”

“काही नाही,” बायको म्हणाली.

त्यांनी ‘काही नाही’ असं लिहिलं.

“अहो, ‘काही नाही’ लिहायचं नाही. काहीच लिहायचं नाही.”

त्यांनी कागद बदलला, चौकट पुन्हा आखली. रकाना रिकामा ठेवला. पेनाला टोपण लावलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं, आणि बायकोने कागद त्यांच्या हातातून काढून पाकिटात घालेपर्यंत ते त्या रकान्याकडे बघत राहिले.

बाराव्या दिवशी विद्यापीठाचं पत्र आलं. बायको शाळेत होती. शुद्धिपत्रांनी ते फोडलं, वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि ती येईपर्यंत ते तसंच हातात धरून बसले. पत्रात लिहिलं होतं, ‘आपण पाठविलेल्या शुद्धिपत्रातील शुद्ध हा रकाना रिक्त आढळला. तो भरून पुन्हा सादर केल्याशिवाय पदवीची पुढील कार्यवाही करता येणार नाही.’

बायकोने पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग पर्स खांद्याला तशीच ठेवून ती खुर्चीत बसली.

“बघा,” ती म्हणाली, “तुमच्यासारखं तिथेही कुणीतरी बसलंय.”